निन की जिन? कांजीच्या दोन चिनी वाचनांची उकल

जपानी शिकायला लागलं की पहिला गोंधळ कांजींच्या, म्हणजे चीनमधून आलेल्या अक्षरांच्या, ओन्योमी आणि कुन्योमी या वाचनांचा. जपानी भाषेच्या परीक्षेच्या एन-४ पातळीपर्यंत तो बराचसा निवळतो. कांजीला हिरागाना या जपानी लिपीची शेपटी असेल तर कुन्योमी, म्हणजे मूळचा जपानी शब्द. दोन कांजी जोडून आल्या तर ओन्योमी, म्हणजे चिनीवरून घेतलेला उच्चार. खरी अडचण एन-३ च्या, म्हणजे त्यावरच्या पातळीच्या, वाटेवर येते. जोडशब्दात ओन्योमी लावायची हे कळतं, पण एकाच कांजीला ओन्योमीच दोन निघतात. माणसाची कांजी ‘सान्निन’मध्ये (तीन जण) निन आणि ‘इंदोजिन’मध्ये (भारतीय) जिन. जाण्याची कांजी ‘र्‍योको’मध्ये (प्रवास) को, तर ‘शुग्यो’मध्ये (साधना) ग्यो. जन्माची कांजी ‘गाक्सेइ’मध्ये (विद्यार्थी) सेइ आणि ‘इश्शो’मध्ये (आयुष्यभर) शो.

बहुतेक विद्यार्थी ही दुसरी वाचनं एकेक करून घोकतात. माझ्या मते मराठी विद्यार्थ्याला तेवढे कष्ट करायची गरजच नाही. या दोन वाचनांना नावं आहेत, गो-ओन आणि कान-ओन, आणि एकातून दुसऱ्यात जायचा रस्ता आपण पहिलीत पाठ केलेल्या क-च-ट-त-प च्या तक्त्यातूनच जातो.

आधी ही दोन वाचनं आली कुठून ते पाहू. चिनी अक्षरं जपानात एका दमात आली नाहीत. पहिली मोठी लाट साधारण पाचव्या-सहाव्या शतकातली. ती कोरियन द्वीपकल्पातल्या बेकजे राज्यातून आली आणि तिच्यासोबत बौद्ध धर्म व सूत्रग्रंथ आले. बेकजेचे संबंध दक्षिण चीनमधल्या राजवटींशी होते. त्यांची राजधानी म्हणजे आजचं नानजिंग. त्या बाजूचे उच्चार जपानी जिभेवर बसले आणि पुढे त्यांना गो-ओन म्हणू लागले. ‘गो’ हे दक्षिणेकडच्या वू प्रदेशाचं जपानी नाव.

दुसरी लाट तांग काळातली. ६३० ते ८३८ या काळात जपानी दरबाराने तांग चीनकडे वकिलाती पाठवल्या. त्यांच्याबरोबर विद्यार्थी आणि भिक्षू राजधानी चांगआनला, म्हणजे आजच्या शीआनला, जाऊन राहिले आणि तिथली बोली शिकून परतले. ते कान-ओन. दरबाराला हेच शुद्ध वाटलं. ७९२ मध्ये कन्फ्यूशियन ग्रंथ शिकणाऱ्यांना कान-ओन शिकायचा हुकूम निघाला आणि पुढच्याच वर्षी फर्मान आलं की कान-ओन न शिकलेल्याला भिक्षूची दीक्षा देऊ नये. पण जिभेवर बसलेली सूत्रं फर्मानाने बदलत नाहीत. मठांनी आणि घरोघरच्या बोलीने गो-ओन सोडलं नाही, विद्वानांनी कान-ओन धरलं, आणि आज आपण दोन्ही शिकतो.

आता उच्चारांकडे. दक्षिणेकडचं जुनं चिनी आणि चांगआनचं तांगकालीन चिनी यांत जो फरक होता, तोच गो-ओन आणि कान-ओनमध्ये उतरला. त्यातले दोन फरक फार कामाचे आहेत.

पहिला फरक असा की वर्गातलं पाचवं अक्षर तिसरं होतं. चांगआनमध्ये शब्दारंभीच्या अनुनासिकांचं नाक बंद होऊ लागलं होतं, त्यामुळे म चा ब झाला, न चा द झाला, ञ चा ज झाला. प-वर्गात पाहा: लिखाणाची कांजी गो-ओनमध्ये मोन (‘चूमोन’, ऑर्डर), कान-ओनमध्ये बुन (‘बुन्गाकु’, साहित्य). वस्तूची कांजी मोत्सु (‘निमोत्सु’, सामान) आणि बुत्सु (‘दोबुत्सु’, प्राणी). झाडाची कांजी मोकु आणि बोकु. त-वर्गात पुरुषाची कांजी नान (‘चोनान’, थोरला मुलगा) आणि दान (‘दान्सेइ’, पुरुष). च-वर्गात तर रोजच्या वापरातल्या कांजी भरल्या आहेत: माणूस निन-जिन, सूर्य किंवा दिवस निची-जित्सु, स्त्री न्यो-जो. आपल्याला नि आणि जि यांचं नातं लगेच दिसत नाही, कारण ञ आपण रोज उच्चारत नाही. मूळ चिनी शब्दांच्या आरंभी तोच होता, हे लक्षात आलं की जोडी जुळते.

दुसरा फरक असा की वर्गातलं तिसरं अक्षर पहिलं होतं, म्हणजे घोष अघोष होतो. ग चा क: ग्यो-को. द चा त: मोठा या अर्थाची कांजी ‘दाइगाकु’मध्ये (विद्यापीठ) दाइ, ‘ताइसेत्सु’मध्ये (महत्त्वाचं) ताइ. ज चा च किंवा श: जमिनीची कांजी ‘जिमेन’मध्ये जि पण ‘चिझु’मध्ये (नकाशा) चि, देवाची कांजी ‘जिन्जा’मध्ये (शिंतो देवस्थान) जिन पण ‘शिन्वा’मध्ये (पुराणकथा) शिन. ब चा ह: सपाट, समान अशा अर्थाची कांजी ‘ब्योदो’मध्ये (समता) ब्यो, ‘हेइवा’मध्ये (शांतता) हेइ. हा ह पूर्वी प होता. हिरागानात ह ला दोन टिंबं दिली की ब होतो आणि गोल दिला की प होतो, त्यात त्याची खूण अजून शिल्लक आहे.

स्वरांचेही नमुने आहेत. सगळ्यात उपयोगी म्हणजे यो चा एइ: शो-सेइ, म्यो-मेइ, क्यो-केइ, ब्यो-हेइ. शेवटचा चि कान-ओनमध्ये त्सु होतो: इचि-इत्सु, निची-जित्सु. घराची कांजी के-का आणि खालची गे-का, असाही एक गट आहे. बाकीचे नमुने वाचता वाचता सापडत जातात.

इथे एका ठिकाणी सगळे घसरतात, म्हणून थोडं थांबू. ब दिसला म्हणजे कान-ओन, असं ठरवून टाकू नका. बुन मधला ब कान-ओनचा आहे, कारण त्याची जोडी मोनशी आहे. ब्यो मधला ब मात्र गो-ओनचा, कारण त्याची जोडी हेइशी आहे. बुद्धाच्या कांजीचंही तसंच. बुत्सु हे गो-ओन, फुत्सु हे कान-ओन, आणि वर्तमानपत्रात जपान-फ्रान्स संबंधांना ‘निची-फुत्सु’ लिहितात ते हेच फुत्सु, कारण फ्रान्ससाठी तीच कांजी वापरतात. एकटं वाचन काहीच सांगत नाही. नेहमी जोडी पाहायची.

हे सगळं एका जागी पाहायचं तर सूत्रग्रंथांच्या पहिल्या ओळीकडे जावं. संस्कृतात ‘एवं मया श्रुतम्’, पालीत ‘एवं मे सुतं’. महाराष्ट्रातल्या अनेक बौद्ध घरांत पाली वाक्य ओळखीचं आहे. चिनी भाषांतरात याच्या चार कांजी झाल्या. जपानमधले बहुतेक पंथ त्या गो-ओनमध्ये म्हणतात: ‘न्योझे गामोन’. शिंगोन पंथात मात्र रोज म्हटलं जाणारं रिशुक्यो हे सूत्र कान-ओनमध्ये म्हणतात, आणि तिथे त्याच चार कांजींचा उच्चार होतो ‘जोशि गाबुन’. न्यो चा जो म्हणजे ञ चा ज. झे चा शि म्हणजे घोषाचा अघोष. मोन चा बुन म्हणजे म चा ब. गा तेवढा दोन्हीकडे गाच, कारण त्याच्या मुळाशी ङ होता आणि जपानीत ङ आणि ग दोघांचाही ग च झाला. शिंगोनचे संस्थापक कुकाइ ८०४ मध्ये चीनला गेले आणि चांगआनमध्येच शिकले. त्यांच्या पंथाच्या पठणात चांगआनची बोली ऐकू यावी हे अगदी स्वाभाविक आहे.

गो-ओनमध्ये न आणि म शाबूत राहिले, म्हणूनच ‘नामु’मध्ये आपल्याला नमो ऐकू येतं आणि ‘हान्न्या’मध्ये प्रज्ञा. कान-ओनने वाचलं असतं तर नामुच्या त्याच दोन कांजींचं ‘दांबु’ झालं असतं.

मग कोणत्या शब्दात कोणतं वाचन? बौद्ध धर्म, जुनी घरगुती बोली आणि आकडे इथे गो-ओनचं पारडं जड. इचि, नि, रोकु, हाचि सगळे गो-ओन. नऊचं कु गो-ओन आणि क्यू कान-ओन, म्हणून नऊ वाजले की ‘कुजी’ आणि नऊशे म्हणजे ‘क्यूह्याकु’. विद्या, राज्यकारभार आणि एकोणिसाव्या शतकातल्या मेइजी काळात पाश्चात्त्य कल्पनांसाठी रुळलेले शब्द, इथे बहुतांशी कान-ओन: ‘बुन्मेइ’ (सभ्यता), ‘केइझाइ’मधलं (अर्थव्यवस्था) केइ. केइझाइमधली केइची कांजी आणि सूत्राला ‘ओक्यो’ म्हणतात त्यातली क्योची कांजी एकच आहे. काही जोडशब्दांचे तर वाचन बदललं की अर्थच बदलतो. त्याच दोन कांजी ‘रिएकि’ वाचल्या तर धंद्यातला नफा, ‘रियाकु’ वाचल्या तर देवाची कृपा. ‘हेन्का’ म्हणजे बदल, ‘हेन्गे’ म्हणजे रूप पालटून आलेलं भूत.

पण हा कल आहे, कायदा नाही. देवळाच्या आवाराला ‘केइदाइ’ म्हणतात. जागा धार्मिक, आणि दोन्ही अक्षरं कान-ओनची! ‘ग्योसेइ’मध्ये (प्रशासन) पहिलं अक्षर गो-ओन आणि दुसरं कान-ओन. म्हणून उच्चार शब्दासकटच लक्षात ठेवायचा. वर्गाचा तक्ता दुसरं वाचन ओळखायला आणि आठवायला मदत करतो; कोणतं निवडायचं ते शब्द ठरवतो.

निन आणि जिनपुरती मात्र एक चांगली खूण आहे. आधीच्या शब्दाला ‘सुरु’ (करणे) लावून क्रियापद होत असेल तर बहुधा निन: ‘कान्री सुरु’वरून ‘कान्रिनिन’ (देखभाल करणारा), ‘होशो सुरु’वरून ‘होशोनिन’ (जामीन). देश, क्षेत्र, ओळख असेल तर जिन: ‘इंदोजिन’, ‘शाकाइजिन’ (नोकरीधंद्याला लागलेला माणूस), ‘गेइनोजिन’ (मनोरंजन क्षेत्रातला). दिवसाच्या कांजीचंही थोडं तसंच. सुरुवातीला आली तर बहुधा निची (‘निचियोबि’, रविवार), शेवटी आली तर बहुधा जित्सु (‘क्यूजित्सु’, ‘हेइजित्सु’, ‘होन्जित्सु’). ‘माइनिची’ हा ठळक अपवाद, पण तो सगळ्यांना आधीच येत असतो.

तोक्योला गेलात तर हा फरक स्टेशनांवरच दिसेल. तोक्योमधलं क्यो गो-ओन आहे. पण तीच कांजी रेल्वे कंपन्यांच्या नावांत आली की केइ होते: केइओ, केइसेइ, केइक्यू. मेइजीच्या सुरुवातीच्या वर्षांत शहराचं नावही काही जण कान-ओनने ‘तोकेइ’ असं वाचत. शेवटी तोक्यो टिकलं.

पहिल्या नियमाला, म्हणजे म चा ब होण्याला, एक ठळक अपवाद आहे. उजेड, नाव आणि जीव या कांजींचं कान-ओन बेइ नाही, मेइच आहे. या शब्दांच्या शेवटी मुळात ङ् होता आणि त्या अनुनासिकाने सुरुवातीचा म सांभाळून ठेवला. म्हणून इथे म्यो-मेइ अशी जोडी दिसते आणि फक्त स्वर बदलतो.

सराव करताना कांजी-कोश जवळ ठेवा. जपानी लोकांसाठी केलेल्या कोशात प्रत्येक ओन्योमीजवळ गो की कान याची छोटी खूण असते. आपण वापरतो त्या बहुतेक ॲप्समध्ये ती सापडत नाही. नवी कांजी आली की दोन्ही वाचनं शेजारी लिहा, कोणत्या वर्गातलं कोणतं अक्षर कुठे सरकलं ते पाहा आणि प्रत्येकी एक नेहमीचा शब्द जोडा. ‘रोन्याकुनान्न्यो’ (आबालवृद्ध स्त्री-पुरुष) हा शब्द यासाठी फार छान आहे. त्यात न्याकु, नान, न्यो अशी तीन गो-ओन वाचनं ओळीने येतात, आणि त्यांची जाकु, दान, जो ही कान-ओन रूपं तुम्हाला आता स्वतःच काढता येतील.

काही ओन्योमी या दोन्ही घरांत बसत नाहीत. ‘फुतोन’, ‘इसु’ (खुर्ची) आणि ‘आंदोन’ (कागदी कंदील) यांतले उच्चार झेन भिक्षू आणि व्यापाऱ्यांबरोबर नंतरच्या शतकांत आले, त्यांना तो-ओन म्हणतात. ‘युशुत्सु’मधलं (निर्यात) यु तर लोकांनी कांजीचा चुकीचा अंदाज बांधून रूढ केलं, खरं वाचन शु होतं. अशा वाचनांपुढे वर्गाचा तक्ता चालत नाही. ती सरळ पाठ करायची.