जैवरेणू

सजीवांच्या पेशींत तयार होणाऱ्या आणि त्यांची जडणघडण, ऊर्जा व आनुवंशिकता ज्यांवर अवलंबून असते अशा कार्बनयुक्त रेणूंना जैवरेणू म्हणतात. कर्बोदके, मेद, प्रथिने आणि न्यूक्लिइक आम्ले हे त्यांचे ४ प्रमुख वर्ग होत. मानवी शरीराच्या वस्तुमानापैकी सुमारे ९६ टक्के वाटा ऑक्सिजन, कार्बन, हायड्रोजन आणि नायट्रोजन या ४ मूलद्रव्यांचाच असतो. फॉस्फरस व गंधक यांचे प्रमाण अल्प असले, तरी फॉस्फरसावाचून डीएनए आणि गंधकावाचून बहुतेक प्रथिने घडू शकत नाहीत. कार्बनचा अणू एका वेळी ४ सहसंयुजी बंध करू शकतो आणि दुसऱ्या कार्बन अणूंशी जोडला जाऊन लांब साखळ्या व वलये बनवतो. एवढ्या थोड्या मूलद्रव्यांतून एवढे वैविध्य निर्माण होते ते यामुळे.

बहुतेक मोठे जैवरेणू एकाच युक्तीने बांधले जातात. दोन लहान घटक जोडले जाताना एकाकडून हायड्रोजन आणि दुसऱ्याकडून हायड्रॉक्सिल गट निघतो, त्यांचे पाणी होते आणि उरलेले घटक एकमेकांना बांधले जातात. उलट दिशेने, बंधाच्या ठिकाणी पाण्याचा रेणू शिरला की साखळी तुटते. या क्रियेला जलविच्छेदन म्हणतात. मिसळीसाठी मटकी भिजत घालून फडक्यात बांधून ठेवली की रात्रीतून तिच्या दाण्यात हेच घडू लागते. साठवलेला स्टार्च आणि प्रथिने तुटून कोंबाला वापरता येतील असे लहान रेणू त्यातून सुटतात.

कर्बोदकांची ओळख करून घेण्यास नाशिकचा द्राक्षबाग ही फार चांगली जागा आहे, कारण या शास्त्राचा बराचसा इतिहास द्राक्षाभोवतीच घडला. आंड्रेआस मार्कग्राफ या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १७४७ मध्ये मनुकांपासून उसाच्या साखरेहून वेगळी अशी साखर मिळवली. तीच आजची ग्लुकोज होय, आणि मराठीतील ‘द्राक्षशर्करा’ हे तिचे नाव अगदी यथार्थ आहे. तिच्या रेणूत ६ कार्बन, १२ हायड्रोजन आणि ६ ऑक्सिजन अणू असतात. फळशर्करेत, म्हणजे फ्रुक्टोजमध्येही, नेमके तेवढेच अणू असतात. फक्त त्यांची मांडणी निराळी असते आणि तेवढ्यानेच ती अधिक गोड लागते. वेलीच्या पानांत तयार झालेली सुक्रोज घडाकडे वाहून नेली जाते आणि मण्यात पोहोचल्यावर एका विकराच्या, म्हणजे रासायनिक क्रिया वेगाने घडवणाऱ्या जैवरेणूच्या, साहाय्याने तिचे जलविच्छेदन होऊन या दोन शर्करा वेगळ्या होतात. बागायतदार ज्या अवस्थेला ‘मण्यात पाणी उतरले’ असे म्हणतात, तेव्हापासून त्यांचा साठा वेगाने वाढतो आणि आंबटपणा उतरत जातो. पुढे काढणीच्या सुमारास निफाड-दिंडोरीकडचा शेतकरी मणी चिरडून त्याचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर ठेवतो आणि उजेडाकडे धरून आकडा वाचतो. विरघळलेल्या साखरेमुळे प्रकाश किती वळतो, यावरून तो ब्रिक्स मोजत असतो; १८ ब्रिक्स म्हणजे १०० ग्रॅम रसात सुमारे १८ ग्रॅम विद्राव्य घटक, आणि त्यांत बहुतांश साखरच असते.

त्याच वेलीची काडीही बऱ्याच अंशी ग्लुकोजचीच बनलेली असते. स्टार्च आणि सेल्युलोज ही दोन्ही ग्लुकोजची बहुवारिके, म्हणजे एकाच घटकाच्या लांब साखळ्या आहेत. पण घटकांना जोडणाऱ्या बंधाची दिशा दोहोंत वेगळी असते. त्यामुळे नागलीच्या भाकरीतील स्टार्च आपल्याला पचतो, तर सेल्युलोज पचवण्यासाठी गायीलासुद्धा पोटातील सूक्ष्मजीवांची मदत लागते. रेणूचे सूत्र कळले म्हणजे रेणू कळला असे होत नाही, हे यावरून नीट ध्यानात येते.

त्याहून सूक्ष्म भेद द्राक्षातल्या आम्लाने उघड केला. वाइनच्या पिंपात आणि कधी बाटलीच्या तळाशी काचेच्या चुऱ्यासारखे खडे जमतात. ते टार्टारिक आम्लाच्या पोटॅशियम क्षाराचे असतात. या आम्लाच्या दुसऱ्या एका क्षाराचे स्फटिक लुई पाश्चर यांनी १८४८ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून निवडले, तेव्हा ते एकमेकांच्या आरशातील प्रतिमेसारखे, दोन प्रकारचे निघाले. डाव्या पायाची वहाण उजव्या पायात नीट बसत नाही, तसे हे रेणू एकमेकांच्या जागी बसत नाहीत. प्रथिनांतील ॲमिनो आम्ले (ग्लायसीन वगळता) डाव्या घडणीची, तर सजीवांतील बहुतेक शर्करा उजव्या घडणीच्या असतात.

किण्वनाचे कोडेही द्राक्षरसातलेच. साखरेचे अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड होण्यास जिवंत यीस्ट लागतेच, अशी समजूत होती. १८९७ मध्ये एडुआर्ट बुखनर यांनी यीस्टच्या पेशी चिरडून काढलेल्या पेशीविरहित रसानेही किण्वन घडवून दाखवले. हे काम करणारी विकरे बहुतांशी प्रथिने असतात. प्रथिने २० प्रकारच्या ॲमिनो आम्लांची, पेप्टाइड बंधांनी जोडलेली असतात, आणि साखळीची विशिष्ट घडी पडल्यावरच ती कामाची ठरतात. कोणत्या घड्या शक्य आहेत, हे दाखवणारा आलेख जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केला. हिमोग्लोबिनमध्ये ४ साखळ्या मिळून ५७४ ॲमिनो आम्ले असतात. बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन आले, की महाराष्ट्रातील आदिवासी समाजांतही आढळणाऱ्या सिकलसेल आजाराचे हिमोग्लोबिन तयार होते.

ॲमिनो आम्लांचा हा क्रम डीएनए या न्यूक्लिइक आम्लात लिहिलेला असतो. त्याच्या दोन धाग्यांतील घटकांपैकी ॲडेनीन-थायमीन ही जोडी २ आणि ग्वानीन-सायटोसीन ही जोडी ३ हायड्रोजन बंधांनी धरलेली असते. मेद मात्र बहुवारिके नव्हेत. ते पाण्यात मिसळत नाहीत, आणि याच गुणामुळे फॉस्फोलिपिडांचे, म्हणजे फॉस्फरसयुक्त मेदांचे, दुहेरी पटल पेशीभोवती कुंपणासारखे उभे राहते. द्राक्षाच्या मण्यावर बोट फिरवले की निघणारा पांढुरका थरही याच वर्गातील मेणाचा असतो.

पेशीतील अशी कुंपणे किती महत्त्वाची असतात, हे लासलगावच्या कांद्यात दिसते. अख्ख्या कांद्याने डोळे चुरचुरत नाहीत, कारण गंधकयुक्त ॲमिनो आम्लाचा एक संयुग-प्रकार पेशीद्रवात आणि त्याला तोडणारे ॲलिनेज हे विकर रिक्तिकेत, म्हणजे पेशीतील द्रवाने भरलेल्या पिशवीत, असे दोघे वेगळे कोंडलेले असतात. विळीने पेशी फाटल्या की ते एकत्र येतात. त्यातून निघालेल्या पदार्थावर दुसरे एक विकर काम करते आणि प्रोपेनथायल एस-ऑक्साइड हा बाष्पशील पदार्थ तयार होऊन डोळ्यांपर्यंत पोहोचतो. हे दुसरे विकर जपानी संशोधकांनी २००२ मध्ये ओळखले. कांदा आधी गार केला तर विकरे मंदावतात आणि चुरचुर कमी होते. उकडला, तर त्यांची घडीच मोडते, आणि तो नंतर कितीही बारीक चिरला तरी डोळ्यांत पाणी येत नाही.