सुन वुकोंग म्हणजे चीनला गेलेला हनुमान?

सुन वुकोंग हा ‘पश्चिमेची यात्रा’ या चिनी कादंबरीतला वानर. ह्युएन त्संग या चिनी बौद्ध भिक्षूच्या भारतयात्रेत तो त्याचा सोबती असतो. फिरणारा मेसेज असा: ‘ह्युएन त्संगने भारतातून हनुमानाची कथा नेली, चिनी लोकांनी तिलाच सुन वुकोंग हे नाव दिलं.’

दोघेही वानर, दोघेही उडणारे, रूप पालटणारे. त्यामुळे असं वाटणं स्वाभाविक आहे. काही अभ्यासकांनीही हनुमानाचा प्रभाव मानला आहे, काहींनी मात्र चीनमधल्या ह्वाय नदीच्या वानररूपी राक्षसाकडे बोट दाखवलं. वाद मिटलेला नाही.

‘ह्युएन त्संगने नेली’ हे मात्र तपासता येतं. तो 645 मध्ये परतला आणि पुढच्या वर्षी त्याचं प्रवासवर्णन पूर्ण झालं. इंग्रजी अनुवाद सहज मिळतो. (त्यात महाराष्ट्राचंही वर्णन आहे, जरूर वाचा.) त्या प्रवासवर्णनात ह्युएन त्संगच्या सोबतीला वानर कुठेच नाही. तो येतो कित्येक शतकांनंतर, सोंग राजघराण्याच्या काळातल्या कथेत. ‘पश्चिमेची यात्रा’ या कादंबरीची उपलब्ध सर्वांत जुनी छापील आवृत्ती तर 1592 ची.

रामकथेचा सांगाडा चीनमध्ये ह्युएन त्संगच्याही आधी, तिसऱ्या शतकातल्या एका बौद्ध कथासंग्रहातून पोचला होता. त्यात माकडं आहेत, पण राम, सीता, हनुमान ही नावं नाहीत.

आता स्वभाव पाहा. वुकोंग दगडातून जन्मतो, अमरत्वाची पीचफळं चोरतो, स्वर्गाचं सिंहासन मागतो, बुद्धाच्या बोटाशी लघवी करतो आणि 500 वर्षं डोंगराखाली अडकतो. आपल्या मारुतीरायाच्या दास्यभक्तीशी हे जुळवणं अवघड आहे. एखादा धागा भारतातून गेलाही असेल. हा खट्याळपणा मात्र अस्सल चिनी वाटतो.