लेझर प्रोजेक्टरसाठी यूएसबी साउंड कार्डातील फेरबदल

आवाजासाठी बनवलेल्या स्वस्त यूएसबी साउंड कार्डाच्या आउटपुट सर्किटमध्ये बदल करून त्याच्याकडून लेझर प्रोजेक्टरचे आरसे आणि रंग चालवून घेण्याची ही पद्धत हौशी इलेक्ट्रॉनिक्समधली आहे. गणेशोत्सवातल्या देखाव्यांमागे भिंतीवर मोरया लिहिणारा लेझर सांगली-मिरजेच्या लोकांना नवा नाही. त्याला लागणारा तयार नियंत्रक महाग पडतो. साउंड कार्ड तेच काम बरेचसे करते, पण त्यासाठी आधी त्यातले काही कपॅसिटर काढावे लागतात.

लेझर प्रोजेक्टरमध्ये दोन छोटे आरसे गॅल्व्हानोमीटर मोटरींवर बसवलेले असतात. एक आरसा किरण आडवा हलवतो, दुसरा उभा. आरसा किती वळणार हे त्याला मिळणाऱ्या व्होल्टेजवर ठरते. किरण इतक्या वेगाने फिरतो की डोळ्याला बिंदू न दिसता अखंड रेघ दिसते. साउंड कार्डही आकड्यांचे व्होल्टेजच करते, सेकंदाला ४८,००० वेळा. सेकंदाला २५ चित्रे दाखवायची तर प्रत्येक चित्राच्या वाट्याला १,९२० बिंदू येतात. साध्या रेखाचित्राला आणि अक्षरांना एवढे पुष्कळ झाले. ७.१ कार्डात, म्हणजे सराउंड आवाजासाठीच्या कार्डात, आठ वाहिन्या (चॅनेल) मिळतात. त्यांतल्या दोन आरशांना, तीन लाल-हिरव्या-निळ्या रंगांना दिल्या तरी तीन उरतात. सी-मीडिया कंपनीच्या सीएम६२०६ चिपवरची कार्डे या कामात जास्त वापरली गेली, ती याच कारणाने.

अडचण कानाशी निगडित आहे. कानाला स्थिर व्होल्टेज ऐकू येत नाही, आणि स्पीकरला ते सोसत नाही. म्हणून कार्ड बनवणारे प्रत्येक वाहिनीच्या तोंडाशी एक कपॅसिटर लावतात. तो बदलता सिग्नल सोडतो, स्थिर अडवतो. १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि पुढे १० किलोओहमचा भार असेल, तर सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात स्थिर भाग जवळपास एकतृतीयांशावर येतो. परिणामी कोपऱ्यात काढलेले चित्र सरकत मध्यावर येते. रंगाचे हाल त्याहून वाईट. लेझर सतत पेटलेला ठेवायचा म्हणजे स्थिर व्होल्टेज द्यायचे. कपॅसिटर तेच गिळतो आणि दिवा विझतो.

त्यामुळे कार्ड उघडून जॅकजवळचे हे कपॅसिटर काढायचे, किंवा त्यांच्या चिपकडच्या टोकावरून तार घ्यायची. मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बारीक टोकाचे सोल्डरिंग आयर्न आणि सवयीचा हात, दोन्ही मिळतात. ऑप-अँपसारखे (सिग्नल वाढवणारी किंवा वजा करणारी चिप) सुटे भाग गावात न मिळाल्यास पुण्याची तपकीर गल्ली आहेच. कपॅसिटर गेला की नवा प्रश्न उभा राहतो. ही चिप एकाच धन पुरवठ्यावर चालते, त्यामुळे तिचे शून्य खरे शून्य नसते, पुरवठ्याच्या निम्म्याच्या आसपास असते. टीएल०७४ सारख्या ऑप-अँपने तेवढे वजा करायचे आणि उरलेला सिग्नल वाढवायचा. आयएलडीए या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मानकानुसार पंचवीस पिनांच्या जोडणीत आडवा सिग्नल १ आणि १४, उभा २ आणि १५ या पिनांवर जातो. जोडीतला एक धन, दुसरा त्याचा उलटा. रंगांना ५, ६, ७ या पिना आणि शून्य ते पाच व्होल्ट. ऋण व्होल्टेज पोहोचू नये म्हणून एकाच दिशेने वीज सोडणारा डायोड लागतो. ४ आणि १७ या पिना सुरक्षा-साखळीच्या आहेत; ही साखळी तुटली की लेझर बंद व्हायचा असतो. त्या नुसत्या जोडून मोकळे होण्याची सवय वाईट.

रंगाची दिशा अशी ठेवावी की कार्डावरची शांतता म्हणजे अंधार. मग सॉफ्टवेअर अडकून आवाज बंद पडला तर लेझरही विझतो. ट्रिमर, म्हणजे पेचाने फिरवायचा छोटा रोधक, किंचित ऋणाकडे ठेवला की उरलेली मंद चकाकीही जाते. सुरू करताना आधी कार्ड, मग आरशांचा पुरवठा, सर्वांत शेवटी लेझर. उलट क्रमाने केल्यास चिपचे निम्म्या पुरवठ्याएवढे व्होल्टेज येण्याआधीच वजाबाकी होते आणि आरसे टोकाला आदळतात. संगणकाचे इतर आवाज या कार्डावर येऊ देऊ नयेत. मेसेजची टिंग वाजली की चित्र उडी मारते, आणि आवाज कमी केला की चित्र लहान होते. आरसा रंगापेक्षा थोडा मागे राहत असल्याने रंगाच्या वाहिन्या काही नमुन्यांनी उशिरा सोडाव्या लागतात. नमुना म्हणजे कार्डाने सोडलेला एक आकडा, साधारण २१ मायक्रोसेकंदांचा.

लिनक्सवर ओपनलेझ हा मुक्त संच जॅक या ध्वनिव्यवस्थेतून हेच काम करतो. पण पहिला प्रयोग सॉफ्टवेअरशिवाय, कपॅसिटर न काढताही होतो. ज्यूल्स लिसाजूने १८५७ मध्ये आरसे लावलेल्या दोन नादकाट्यांवरून प्रकाश परावर्तित करून आकृत्या मिळवल्या होत्या. त्या आकृत्या मध्याभोवतीच फिरतात, स्थिर भागाची त्यांना गरज नाही. डाव्या वाहिनीवर २०० हर्ट्झचा षड्ज आणि उजवीवर ३०० हर्ट्झचा पंचम सोडला की ३:२ ची आकृती स्थिर उभी राहते. हार्मोनियमचा, सप्तकाचे बारा सारखे भाग करून येणारा पंचम २९९.६६ हर्ट्झचा असतो. त्यावर आकृती सावकाश फिरते, दीडएक सेकंदाला एक फेरा. ज्या मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तिथल्या वाद्य जुळवणाऱ्या कारागिराचा कान जो फरक ऐकतो, तोच इथे भिंतीवर दिसतो. सूर साध्या साइन तरंगाचे हवेत. खऱ्या तानपुऱ्याच्या जवारीने, म्हणजे घोडीवरून उठणाऱ्या उपस्वरांनी, आकृतीचा गुंता होतो.

हा प्रयोग ५ मिलिवॅटपर्यंतच्या लेझरवर करावा, आणि तोही डोळ्यात जाणार नाही असा. ५०० मिलिवॅटच्या वर लेझर चौथ्या वर्गात जातो. तिथे पापणी मिटायला लागणारा पाव सेकंदही उशिराचा ठरतो. डॉल्बीच्या भिंतींसोबत मिरवणुकीत फिरणारे लेझर कित्येक वॅटचे असतात. २०२३ च्या गणेशोत्सवानंतर राज्यातल्या नेत्रतज्ज्ञांनी तरुणांच्या दृष्टिपटलाला झालेल्या इजा नोंदवल्या, आणि २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी अशा किरणांवर बंदी घातली. फिरता किरण ऊर्जा पसरवतो, थांबलेला एका बिंदूवर ओततो. साउंड कार्डात आरसा थांबला हे ओळखून लेझर तोडणारी यंत्रणा नसते. ती वेगळी बांधावी लागते. ती बांधलेली नसेल तर हे कार्ड प्रयोगशाळेतल्या भिंतीपुरतेच ठेवावे. गर्दीवर किरण सोडण्याचे हे साधन नव्हे.