एच5 की एच6? कारो-कानमधल्या चौथ्या चालीची पार्श्वभूमी

वडोदऱ्यातल्या शालेय बुद्धिबळ स्पर्धांमध्ये काळ्याने कारो-कान बचाव (1. ई4 सी6 2. डी4 डी5) खेळणाऱ्या मुलांसमोर हल्ली एक चाल वारंवार येते. (घराच्या नावात अक्षर उभी पट्टी सांगते, आकडा आडवी ओळ.) पांढऱ्याने तिसऱ्या चालीला प्यादे ई5 वर ढकललेले असते, काळ्याचा उंट एफ5 वर येऊन बसलेला असतो, आणि चौथ्याच चालीला पांढऱ्याचे हत्तीपुढचे प्यादे दोन घरे पुढे येते: 4. एच4. एकही घोडा बाहेर नाही, कॅसलिंगचा (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवून राजाला कोपऱ्याकडे नेण्याचा) पत्ता नाही आणि कडेचे प्यादे मात्र निघाले. ही नवशिक्याची चाल वाटून अनेक मुले नेहमीचे ई6 खेळतात आणि उंट गमावतात. पांढऱ्याचे जी4 आल्यावर उंट ई4 वर जातो, एफ3 आल्यावर जी6 वर परततो, आणि एच5 आल्यावर त्याला जायला घर उरत नाही. फार तर सी2 चे एक प्यादे घेऊन तो मरतो. दांडिया बाजारातल्या ओट्यावर दहा मिनिटांचे डाव लावणाऱ्या मुलांमध्येही हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की या चालीचा मागचा प्रवास एकदा लिहून ठेवावा असे वाटले.

आपल्याकडच्या जुन्या देशी पद्धतीत प्यादे पहिल्या खेपेलाही एकच घर चाले. एच5 गाठायला तीन चाली लागत, म्हणून इतक्या लवकर कडेने धावण्यात अर्थ नव्हता. हा प्रश्न दोन घरांच्या पहिल्या उडीमुळेच निर्माण झाला.

या बचावाला नाव मिळाले ते 1886 मध्ये त्याचे विश्लेषण प्रसिद्ध करणाऱ्या दोघांवरून. एक बर्लिनमध्ये खेळणारा कारो, दुसरा व्हिएन्नाचा कान. व्हिएन्नाच्या खेळाडूने 1885 मध्ये हॅम्बुर्गला 24 चालींत एक डाव जिंकला होता, आणि त्या डावातही पांढऱ्याने तिसऱ्या चालीला ई5 च खेळले होते. पांढऱ्याने चौथ्या चालीला आपला उंट डी3 वर आणून समोरच्या उंटाशी अदलाबदल केली. 1927 मध्ये न्यू यॉर्कला त्या वेळच्या विश्वविजेत्याविरुद्ध हीच अदलाबदल पुन्हा झाली आणि काळा सहज जिंकला. पांढऱ्याने आपला चांगला उंट स्वतःहून दिला होता, त्यामुळे त्याची पांढरी घरे दुबळी राहिली. पुढे बराच काळ 3. ई5 ही निरुपद्रवी चाल मानली गेली. काळ्याचा उंट बाहेर पडला, म्हणजे काळ्याचे अर्धे काम झाले, असे लोक म्हणत.

हे मत 1961 च्या मॉस्कोतल्या, विश्वविजेतेपदाच्या परतीच्या सामन्यात हलले. आदल्या वर्षी रिगाच्या 23 वर्षांच्या मिखाइल तालने विश्वविजेतेपद मिळवले होते. ते परत घ्यायला उतरलेल्या अनुभवी बोटविनिकचे मुख्य शस्त्र कारो-कान होते. तरुण विजेता आता 3. ई5 कडे वळला आणि त्याने 4. एच4 पटावर आणली. उंटाशी अदलाबदल करायची नाही, त्याला हुसकायचे आणि प्रत्येक हुसकण्यात जागा मिळवायची, असा विचार त्यामागे होता. सामना मात्र तो 8-13 असा हरला. त्यामुळे पुढे कित्येक वर्षे या चालीला ‘हरलेल्या सामन्यातली चाल’ असे समजून बाजूला ठेवण्यात आले. मला हा अन्याय वाटतो. त्या पराभवाची कारणे प्रकृतीत आणि तयारीत शोधायला हवीत. एका प्याद्याच्या माथी तो पराभव मारणे बरोबर नाही.

खरा वाद काळ्याच्या उत्तराचा आहे. उंटाला श्वास घेता यावा म्हणून काळ्याला कडेचे प्यादे हलवावे लागते. ते एच5 ला न्यावे की एच6 ला?

आज बहुतेक प्रशिक्षक एच5 सांगतात, आणि स्पर्धांमध्येही तीच चाल जास्त दिसते. तिने जी4 ला लगाम बसतो आणि उंट एफ5 वर निवांत राहतो. पण त्याची किंमत त्याच चालीत चुकवलेली असते: जी5 हे घर कायमचे पांढऱ्याचे होते. एच प्यादे पुढे गेले, ते मागे येत नाही. पांढऱ्याचा उंट जी5 वर बसला की त्याला हटवायला एफ6 हेच प्यादे उरते, आणि ते हलले की ई6 कच्चे पडते. शिवाय पांढऱ्याचा घोडा ई2 वरून जी3 वर आला की एफ5 चा उंट आणि एच5 चे प्यादे दोन्हींवर एकदम नेम धरतो. राजाच्या बाजूला कॅसलिंग करावे तर शेजारीच जी5 चे ते भोक. म्हणून काळ्याचा राजा बरेचदा मध्येच थांबतो किंवा वजिराच्या बाजूला जातो. मुलांना एच5 शिकवताना हा भाग सांगितला जात नाही, आणि मग बाराव्या-पंधराव्या चालीला ती ‘राजा कुठे ठेवू?’ असे विचारत बसतात.

एच6 चा हिशेब निराळा आहे. पांढरा लगेच जी4 खेळतो. उंट एच7 वर गेला, तर ई6 हे प्यादे बळी देण्याची जुनी युक्ती येते. काळ्याने ते एफ प्याद्याने घेतले की पांढरा डी3 वर उंटांची अदलाबदल करतो आणि त्याचा वजीर जी6 कडे रोखलेला राहतो. ते घर राखायला आता प्यादे उरलेले नसते. उंट डी7 वर परतला, जसा तो 1961 मध्येही परतला होता, तर काळ्याच्या दोन चाली वाया जातात. पण मोबदल्यात पांढऱ्याची जी आणि एच प्यादी इतकी पुढे गेलेली असतात की त्याच्या राजालाही त्या बाजूला आडोसा राहत नाही. पुढे काळा ई6, सी5 असे खेळत मधल्या प्याद्यांवर हल्ला चढवतो.

थोडक्यात, एच5 खेळणारा जी5 देतो, एच6 खेळणारा जी6 देतो. कोणते घर द्यायचे याचा हा निर्णय आहे, आणि तो खेळाडूच्या स्वभावाने ठरायला हवा. ज्याला बंद डाव आवडतो, फ्रेंच बचावासारखी (1. ई4 ला ई6 ने उत्तर देणारी) रचना सवयीची आहे, त्याला डी7 वर परतणारा उंट भित्रा वाटणार नाही. माझ्या मते एच6 आणि डी7 हा मार्ग विनाकारण मागे पडला. त्याला ‘जुना’ म्हणणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी तो स्वतः खेळून पाहिला आहे.

1990 च्या दशकात पांढऱ्याची गर्दी दुसरीकडे गेली. घोडा एफ3, उंट ई2, कॅसलिंग अशी शांत मांडणी एका इंग्रज ग्रँडमास्टरमुळे लोकप्रिय झाली. घोडा आधी सी3 वर आणून मग जी4 फेकण्याचा आक्रमक प्रकारही त्याच सुमारास जोरात होता.

कडेच्या प्याद्याला खरी प्रतिष्ठा दिली ती संगणकाने. डिसेंबर 2017 मध्ये जाहीर झालेल्या अल्फाझीरो या संगणक प्रोग्रामने स्वतःशीच खेळत काही तासांत बुद्धिबळ शिकून त्या वेळच्या बलाढ्य इंजिनाविरुद्ध (बुद्धिबळ खेळणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रामविरुद्ध) 100 डावांत 28 विजय आणि 72 बरोबऱ्या मिळवल्या, हार एकही नाही. त्याच्या डावांत एच प्यादे पुन्हा पुन्हा पुढे जाऊन समोरच्या राजाच्या छातीवर बसलेले दिसले. माणसांनीही त्यातून धीर घेतला. पूर्वी प्रशिक्षक ‘आधी मोहरी बाहेर काढ’ म्हणून रागावत असत. आता तीच चाल मुले मोबाइलवरच्या इंजिनच्या पहिल्या पसंतींमध्ये पाहतात.

काळ्यानेही वाट शोधली आहे. एफ5 वर उंट नेल्याशिवाय एच4 ला दातच नसतात, म्हणून तिसऱ्याच चालीला सी5 खेळण्याकडे कल वाढला आहे. 1961 च्या त्याच सामन्यात ही चालही खेळली गेली होती, आणि आज तिच्यावर बरेच काम सुरू आहे. पांढरा सी5 चे प्यादे घेतो, काळा बरेचदा ई6 खेळून ते परत मिळवायला निघतो, आणि ज्या उंटाला मोकळे करायला हा बचाव निर्माण झाला, तो सी8 वर आपल्याच प्याद्यांमागे बसून राहतो.