शेपटीच्या जागी पाय : रेटिनॉइक आम्ल आणि भ्रूणाची जनुके

१९९२ साली भुवनेश्वरच्या उत्कल विद्यापीठातील प्रियंवदा मोहंती-हेजमाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर' या नियतकालिकात एक छोटासा शोधनिबंध प्रसिद्ध केला. एका जातीच्या बेडकाच्या भैकेरांची, म्हणजे पाण्यात राहणाऱ्या शेपटीवाल्या पिल्लांची, शेपटी कापून त्यांनी ती पिल्ले 'अ' जीवनसत्त्व मिसळलेल्या पाण्यात ठेवली होती. भैकेराची तुटलेली शेपटी एरवी पुन्हा वाढते; या पिल्लांपैकी काहींना मात्र शेपटीच्या जागी मागचे पाय फुटले. पाय घडवण्यासाठी लागणारी जनुके त्या पेशींमध्ये आधीपासूनच होती, कारण शरीरातील जवळपास प्रत्येक पेशीत जनुकांचा पूर्ण संच असतो. आपण शरीराच्या कोणत्या भागात आहोत याविषयीची त्या पेशींची 'समजूत' बदलली आणि त्याबरोबर कोणती जनुके वाचायची आणि कोणती मिटून ठेवायची हेही बदलले. पृष्ठवंशी प्राण्यांच्या वाढीविषयीच्या साहित्यात इतके थेट आणि इतके विलक्षण उदाहरण मला तरी दुसरे माहीत नाही.

हे काम प्रत्यक्षात 'अ' जीवनसत्त्व स्वतः करत नाही. भ्रूणाला आईच्या रक्तातून किंवा अंड्यातील बलकातून रेटिनॉल, म्हणजे 'अ' जीवनसत्त्वाचे मूळ रूप, मिळते. पेशींतील विकरे, म्हणजे एन्झाइमे, त्याचे दोन पायऱ्यांत रूपांतर करतात : पहिल्या पायरीत रेटिनॉलचे रेटिनाल्डिहाइड होते आणि दुसऱ्या पायरीत रेटिनाल्डिहाइडचे रेटिनॉइक आम्ल. हा वीस कार्बन अणूंचा, चरबीत विरघळणारा लहानसा रेणू आहे, त्यामुळे तो पेशींच्या पटलांतून सहज आरपार जातो आणि शेजारच्या पेशींपर्यंत पोहोचतो. पहिल्या पायरीपेक्षा दुसऱ्या पायरीचे महत्त्व अधिक, कारण ती करणारी राल्डएच गटातील विकरे भ्रूणाच्या मोजक्याच भागांत असतात. जेथे ती आहेत, तेथेच आम्ल तयार होते.

तितकीच महत्त्वाची आहेत ती हे आम्ल नष्ट करणारी विकरे. सिप२६ या नावाने ओळखला जाणारा हा गट भ्रूणाच्या दुसऱ्या काही भागांत काम करतो आणि तेथे पोहोचलेले आम्ल निकामी करतो. एका बाजूला उगम आणि दुसऱ्या बाजूला निचरा असल्यामुळे मधल्या ऊतीत आम्लाच्या प्रमाणाचा एक उतार तयार होतो. हा उतार बराच काळ केवळ अनुमानाने गृहीत धरलेला होता. २०१३ साली जपानमधील रिकेन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी आम्लाला चिकटताच प्रकाशाचा रंग बदलणारी प्रथिने झेब्रामाशाच्या भ्रूणात घडवली आणि जिवंत भ्रूणात तो उतार प्रत्यक्ष पाहिला : धडाच्या भागात आम्ल सर्वाधिक, आणि तेथून डोक्याकडे व शेपटीकडे दोन्ही बाजूंना उतरत जाणारे.

आता पेशीच्या आत जाऊ. अनेक संप्रेरके आणि वाढीचे इतर अनेक संदेश पेशीच्या पृष्ठभागावर थांबतात आणि तेथून निरोप हातोहात केंद्रकापर्यंत पोहोचवला जातो. रेटिनॉइक आम्लाच्या बाबतीत मधली साखळी जवळपास नाहीच. त्याचे ग्राही, म्हणजे त्याला धरून त्याचा निरोप ओळखणारे प्रथिन, थेट डीएनएवर बसलेले असते. १९८७ साली फ्रान्समधील स्त्रासबूर येथे पिएर शाँबाँ यांच्या आणि अमेरिकेत रोनाल्ड इव्हान्स यांच्या प्रयोगशाळेने हे ग्राही एकमेकांपासून स्वतंत्रपणे शोधून काढले. ते एकटे काम करत नाही; आरएआर हे ग्राही आणि आरएक्सआर हे त्याचे जोडीदार अशी दोन प्रथिने जोडीने डीएनएच्या एका ठरावीक खुणेवर बसतात. ती खूण म्हणजे सहा अक्षरांचा एक शब्द, साधारणपणे ए-जी-जी-टी-सी-ए असा, दोनदा लिहिलेला. आणि त्या दोन शब्दांमध्ये बऱ्याचदा नेमके पाच अक्षरांचे अंतर असते. जोडीतील प्रत्येक प्रथिन एकेक शब्द धरून बसते.

आम्ल नसतानाही ही जोडी तेथे बसून असते, आणि माझ्या मते या यंत्रणेतील सर्वात लक्षणीय गोष्ट हीच आहे. आम्ल नसते तेव्हा ही जोडी अशी सहायक प्रथिने बोलावते, जी आसपासच्या हिस्टोन प्रथिनांवरील, म्हणजे ज्यांच्याभोवती डीएनए गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांवरील, अॅसिटिल गट काढून टाकतात. त्यामुळे डीएनए घट्ट गुंडाळलेला राहतो आणि जनुक गप्प बसते. आम्लाचा रेणू आरएआरच्या खोबणीत शिरला की त्या प्रथिनाच्या टोकाचा एक भाग झाकणासारखा वळतो, पहिले सहायक सुटतात आणि त्यांच्या जागी उलट काम करणारे सहायक येतात. हिस्टोनांवर अॅसिटिल गट बसतात, डीएनएची गुंडाळी सैल होते आणि जनुकाची संदेशवाहक आरएनएमध्ये नक्कल सुरू होते.

हा निरोप ऐकणाऱ्या जनुकांमध्ये हॉक्स जनुकांचा, म्हणजे शरीराच्या कोणत्या भागात काय घडायचे हे ठरवणाऱ्या जनुकांचा, मान पहिला. सस्तन प्राण्यांत ती ३९ असून चार गुणसूत्रांवर चार गटांत ओळीने मांडलेली आहेत, आणि गुणसूत्रावरील त्यांचा क्रम हाच शरीरात डोक्याकडून शेपटीकडे जाताना त्यांच्या कामाचा क्रम असतो. १९९० साली पेट्रीच्या बशीत वाढवलेल्या मानवी पेशींवरील प्रयोगांत असे दिसले की, रेटिनॉइक आम्ल दिल्यावर ही जनुके त्याच क्रमाने जागी होतात. ओळीच्या सुरुवातीची जनुके लवकर आणि अगदी कमी मात्रेला, पुढची उशिरा आणि जास्त मात्रेला. ओळीच्या सुरुवातीच्या जनुकांजवळ तो दुहेरी सहाअक्षरी शब्द असल्याचेही आढळले.

भ्रूणात याचा सर्वात स्पष्ट ठसा पश्चमस्तिष्कावर, म्हणजे मेंदूच्या सर्वात मागच्या भागावर, उमटतो. हा भाग सुरुवातीला सात-आठ आडव्या पट्ट्यांत विभागलेला असतो, आणि प्रत्येक पट्ट्यात हॉक्स जनुकांचा वेगळा संच चालू असतो. आम्ल येते ते पट्ट्यांच्या मागच्या बाजूला असलेल्या कायखंडांकडून, म्हणजे ज्या पेशीसमूहांतून पुढे मणके आणि स्नायू घडतात त्यांच्याकडून. 'अ' जीवनसत्त्वापासून वंचित ठेवलेल्या लावा पक्ष्याच्या भ्रूणात या पट्ट्यांपैकी मागचे पट्टे तयारच होत नाहीत. उलट गाभण उंदरीला योग्य दिवशी जास्तीचे आम्ल दिले, तर पिल्लाच्या मानेच्या मणक्याला छातीच्या मणक्यासारखी बरगडी फुटू शकते. एकीकडे शरीराचा एक तुकडाच गळतो, दुसरीकडे एका तुकड्याला शेजारच्याची ओळख मिळते.

कमी आणि जास्त अशी दोन्ही टोके घातक असल्याची जाणीव मात्र ग्राहींच्या शोधापेक्षा खूप जुनी आहे. १९३३ साली अमेरिकेतील टेक्सासमध्ये फ्रेड हेल यांनी एका डुकरिणीला गाभण राहण्याआधीपासून आणि गर्भाच्या पहिल्या महिन्यात 'अ' जीवनसत्त्वाविना आहार दिला. तिला झालेल्या अकराही पिल्लांना नेत्रगोल नव्हते. दोष आनुवंशिक असावा, ही शंका हेल यांनी पुढच्या प्रयोगांतून दूर केली. पुरेसे जीवनसत्त्व मिळालेल्या अशाच आंधळ्या डुकरांना डोळस पिल्ले झाली. त्यानंतर वीस वर्षांनी, १९५३ साली, जास्तीच्या 'अ' जीवनसत्त्वाने उंदरांच्या भ्रूणांत व्यंगे येतात हेही सिद्ध झाले. या नाजूक समतोलासाठी भ्रूणाकडे स्वतःची सोय आहे. आम्ल नष्ट करणारे सिप२६ए१ या विकराचे जनुकच रेटिनॉइक आम्लाने चालू होते, त्यामुळे आम्ल वाढले की त्याचा निचराही वाढतो. आईच्या आहारात रोज होणारे लहान चढउतार असे सोसले जातात. मोठा धक्का मात्र ही सोय पेलू शकत नाही.

या संशोधनाच्या वाटेवरचे एक वळण आवर्जून सांगायला हवे. १९८२ साली शेरिल टिकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोंबडीच्या भ्रूणातील पंखाच्या अंकुराच्या फक्त पुढच्या कडेला बाहेरून रेटिनॉइक आम्ल दिले. पंखाला तीनऐवजी सहा बोटे आली, आणि तीही आरशातील प्रतिबिंबासारखी मांडलेली. बोटांचा क्रम ठरवणारा संदेश सापडला, असे तेव्हा अनेकांना वाटले. १९९३ साली सॉनिक हेजहॉग या प्रथिनाचे कार्य उलगडले, तेव्हा चित्र बदलले : बोटांचा क्रम ठरवणारा संदेश हे प्रथिन देते, आणि बाहेरून दिलेल्या आम्लाने त्याचेच जनुक नको त्या जागी चालू केले होते. प्रयोग अचूक होता. त्याच्या अर्थाला अकरा वर्षे लागली. बाहेरून दिलेले रसायन काय करू शकते आणि भ्रूण स्वतः त्याचा वापर कशासाठी करतो, हे दोन निराळे प्रश्न आहेत, आणि रेटिनॉइक आम्लाच्या अभ्यासात त्यांची गल्लत वारंवार झालेली आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळवण्यासाठी आम्ल तयार करणारे जनुकच बंद करावे लागते. १९९९ साली राल्डएच२ हे विकर नसलेल्या उंदरांचे वर्णन प्रसिद्ध झाले. ही पिल्ले गर्भावस्थेच्या मध्यावरच मरतात. हृदयाची नळी नीट वळत नाही, धड आखूड राहते आणि पुढच्या पायांचे अंकुर फुटत नाहीत. अशा भ्रूणांत कायखंडांच्या डाव्या-उजव्या जोड्यांचा ताळमेळही बिघडतो आणि एक बाजू मागे पडते. या दोषांमागे एफजीएफ८ नावाच्या जनुकाचा मोठा वाटा असल्याचे पुढे दिसून आले. शेपटीकडच्या पेशींत ते चालू असते आणि धडाच्या भागात बंद व्हावे लागते. ते बंद करण्याचे काम रेटिनॉइक आम्ल करते. या जनुकाजवळही तोच दुहेरी शब्द आहे, परंतु तेथे आम्ल पोहोचल्यावर जनुक मिटवून टाकणाऱ्या प्रथिनांना बोलावले जाते. रेणू तोच आणि ग्राहीही तेच. हॉक्स जनुकाला जाग आणणारा निरोप एफजीएफ८ला गप्प करतो, कारण त्या जागी कोणते सहायक यायचे हे डीएनएचा परिसर आणि पेशीचा प्रकार ठरवतात.

माणसाच्या बाबतीत हे सर्व ज्ञान एका औषधाने दुःखद रीतीने पडताळून दिले. तीव्र मुरुमांवरील आयसोट्रेटिनॉइन हे औषध रेटिनॉइक आम्लाचेच एक रूप आहे. १९८२ साली अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली ती गर्भवतींनी घेऊ नये या इशाऱ्यासह, तरीही काही गर्भवतींच्या पोटात ते गेलेच. १९८५ साली अशा मुलांतील व्यंगांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध झाले : न वाढलेले किंवा नसलेले बाह्यकर्ण, लहान जबडा, हृदयातून निघणाऱ्या मोठ्या वाहिन्यांचे दोष, अपुरी थायमस (रोगप्रतिकारशक्तीशी संबंधित छातीतील ग्रंथी) आणि मेंदूतील विकृती. म्हणूनच हे औषध थांबवल्यानंतर किमान एक महिना गर्भधारणा टाळण्यास सांगितले जाते. कान, जबडा, हृदयाच्या वाहिन्या आणि थायमस हे अवयव वरवर एकमेकांपासून दूरचे वाटतात, परंतु त्या सर्वांच्या घडणीत पश्चमस्तिष्काच्या कडेवरून निघून खाली सरकणाऱ्या पेशींचा हातभार असतो. त्या पेशी निघतात चौथ्या आठवड्याच्या सुमारास, ज्या पट्ट्यातून निघाल्या त्याची हॉक्स जनुकांची खूण सोबत घेऊन. आणि पुष्कळदा आपण गरोदर आहोत हे आईला तोपर्यंत कळलेलेही नसते.