हेरिटेज वॉक सुरू करायचाय? पदवी आहे, आता कागद जमवा

पुरातत्त्वात एमए झालंय, पीएचडी रेंगाळलीय, आणि पुण्यात पैसे घेऊन वॉक सुरू करायचाय? मग खरी अडचण रस्त्यावर नाही, स्मारकाच्या दारात आहे.

प्राचीन स्मारकांच्या १९५९ च्या नियमावलीतला ८ वा नियम आधी वाचा. केंद्र संरक्षित स्मारकाच्या आत मोबदला घेऊन कुणाला हिंडवून दाखवायचं, तर पुरातत्त्व अधिकाऱ्याचा परवाना हवा. शनिवारवाडा आणि पाताळेश्वर दोन्ही या यादीत आहेत. म्हणजे शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्याच्या अणकुचीदार खिळ्यांवर बाहेर उभं राहून अर्धा तास बोललात तर गोष्ट वेगळी. तिकीट काढून आत गेलात की त्याच बोलण्याला परवाना लागतो. त्यासाठी पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या मुंबई मंडळाकडे अर्ज करायचा. वेरूळ-अजिंठ्यासाठी औरंगाबाद मंडळाकडे. अर्जात प्रबंधाचा गोषवारा नको. मार्ग, वार, वेळ, एका वेळी माणसं किती, एवढं स्वच्छ लिहा. सातवाहनांवरचं तुमचं मत तिथे कुणी विचारत नाही.

व्यवसायाची नोंद त्या मानाने सोपी. उद्यम नोंदणीला, म्हणजे छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीला, शिक्षणाची अट नाही, शुल्क नाही, कागद अपलोड करायचे नाहीत. आधार, पॅन आणि बँक खात्याचा तपशील जवळ ठेवा. आधारला जोडलेला मोबाईल मात्र हातात हवा. माझा ओटीपी बाबांच्या फोनवर जायचा आणि ते नेमके गावी होते. तीन दिवस गेले. पैसे मागणारी हुबेहूब संकेतस्थळं बरीच आहेत, पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' आहे ना, बघा.

गुमास्ता म्हणजे शॉप अ‍ॅक्ट, दुकानं आणि आस्थापनांचा राज्याचा कायदा. २०१७ च्या कायद्यानुसार एकट्या-दुकट्याला नोंदणी करावी लागत नाही. धंदा सुरू केल्यापासून ६० दिवसांत ऑनलाइन सूचना द्यायची, सोबत स्वयंघोषणापत्र. बँकेत चालू खातं उघडताना या सूचनेची पावतीच कामी येते. जीएसटीची काळजी आत्ता नको: सेवांसाठी वार्षिक उलाढालीची मर्यादा २० लाख आहे, आणि रविवारच्या वॉकमधून तिथवर पोचलात तर पेढे द्या.

एक मात्र नक्की करा. जेआरएफ (संशोधनासाठीची कनिष्ठ फेलोशिप) किंवा दुसरी फेलोशिप चालू असेल, तर पहिली फी घेण्याआधी तिचं हमीपत्र काढून वाचा. इतर मानधनाबद्दल तुम्ही काय सही करून दिलंय, ते त्यातच आहे. शंका वाटली तर विद्यापीठाच्या कार्यालयाकडून लेखी उत्तर घ्या, तोंडी नको.