पीएमपीला महापालिकेने किती पैसे दिले? माहिती अधिकारात असं मागा

पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या शहर बससेवा एकत्र होऊन २००७ साली पीएमपी ही बस कंपनी झाली. तिकिटांतून खर्च भागत नाही, म्हणून उरलेली संचलन तूट दोन्ही महापालिका भरतात: पुणे ६० टक्के, पिंपरी-चिंचवड ४० टक्के. म्हणजे आयुष्यात बसमध्ये न चढलेला माणूसही मिळकतकरातून बस चालवतोच.

हा हिशेब कोणताही भारतीय नागरिक मागू शकतो, पुण्याचा रहिवासी असण्याची अट नाही. माहिती कशासाठी हवी, हे सांगायचं बंधन नाही. कोणी विचारलंच तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मधलं कलम ६(२) दाखवा.

लोक चुकतात ते पुढे. 'बस वेळेवर का येत नाही?' असं लिहिलं की 'प्रश्नार्थक माहिती देता येत नाही' असं एका ओळीचं उत्तर येतं आणि महिना वाया जातो. 'का' विचारू नका, कागद मागा. महापालिकेकडे: अमुक आर्थिक वर्षात अंदाजपत्रकात पीएमपीसाठी केलेली तरतूद, प्रत्यक्ष वर्ग केलेली रक्कम आणि तारखा, संचलन तुटीच्या मंजुरीचा ठराव. पीएमपीकडे: त्याच वर्षाचा लेखापरीक्षण अहवाल, भाडेतत्त्वावरच्या बसचा प्रति किलोमीटर दर, ठेकेदारांना केलेला दंड. पैसे देणारा एक आणि खर्च करणारा दुसरा, म्हणून अर्जही दोन करा. चुकून भलत्याच कार्यालयात गेला तर तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायची जबाबदारी त्यांची, पण तेवढे दिवस आपलेच जातात.

अर्ज नमुना 'अ' मध्ये, एकाच विषयावर, साधारण १५० शब्दांत. त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला फी नाही, दाखल्याची प्रत मात्र जोडावी लागते.  दुसऱ्या प्रतीवर तारीख-शिक्क्याची पोच घ्या. ती नसेल तर पुढे अपिलात दाखवायला हातात काहीच राहत नाही.

उत्तराची मुदत ३० दिवस. छायाप्रतीला पानामागे २ रुपये, पण मुदत उलटली तर प्रती फुकट. फाइल जाडजूड असेल तर आधी अवलोकन, म्हणजे कार्यालयात बसून फाइल बघणं, मागा आणि हवी तेवढीच पानं घ्या. महापालिकेत पूर्वी दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख बघता येत, त्यामुळे पुष्कळदा अर्जाचीही गरज पडत नसे; आता त्या सोयीवर विसंबू नका.

उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर ३० दिवसांत प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे (त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे) पहिलं अपील करा: नमुना 'ब', २० रुपयांच्या स्टॅम्पसह. तिथेही समाधान झालं नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे दुसरं अपील. तिथली रांग मात्र स्वारगेट बसस्थानकावरच्या रांगेहून लांब आहे, म्हणून पहिला अर्जच नेमका लिहा.